कूलरचं तोंड फिरवलं तो दिवस

नंदूभाऊंचं नाव आधी लिहून टाकते. पुढचं लिहिताना हात अडखळला आणि कागद अर्धाच राहिला, तर नाव तरी राहील. नागपूरच्या महाल भागात एका बोळात, पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक टेबल, दोन स्टूल, आणि छतापर्यंत रचलेले उघडे डबे. गिरणीचं पीठ उडून त्या डब्यांवर बसायचं आणि नंदूभाऊ दिवसभर ब्रशने ते झाडत बसायचे. माझ्या आयुष्यात मला पुष्कळ माणसांनी मदत केली, मी कोणाला विसरलेली नाही. पण माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊन खाली मान घालून निघून गेलेला माणूस एकच.

मी कुडाळच्या पलीकडची. शाळा सातवीत सुटली. वडील गेले, आईचं एका माणसाच्या पोटापुरतंच भागायचं, म्हणून मला मामाकडे पाठवलं. मामा उमरेडला कोळशाच्या खाणीत होता. एक रात्र आणि एक दिवस गाडीत बसून मी तिथे आले तेव्हा मला वाटलं, पृथ्वी इथे संपत असणार. मामीने तीन-चार वर्षं सांभाळलं, नंतर तिच्या मुली मोठ्या झाल्या आणि खोल्या दोनच होत्या. मामाच्या ऑफिसात पूर्वी साहेब असलेले अण्णाजी नागपूरच्या कडेला, बेसाला, घर बांधून राहत होते. त्यांच्या बायकोला, माईंना, लकवा मारला होता. दिवसरात्र जवळ राहणारी बाई हवी होती. मामाने मला एसटीत बसवलं आणि म्हणाला, "तिथं नीट राहा. इथं परत यायचं म्हणशील तर जागा नाही गं, खरंच नाही." तो रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर बरं झालं असतं.

बेसा तेव्हा अर्धं शेत आणि अर्धं प्लॉट होतं. अण्णाजींच्या घराच्या एका बाजूला तुरी उभ्या असायच्या, दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी घराचे लोखंडी गज. माईंची खोली पुढची. मोठी खिडकी, पलंग, पायथ्याशी भिंतीवर नवा मोठा टीव्ही, आणि खिडकीशी चाकांच्या स्टँडवर कूलर. लोखंडी, हिरवा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावलेला. पहिल्या दिवशी अण्णाजींनी मला घर दाखवलं तेव्हा देवघराआधी कूलर दाखवला. टाकी कधी भरायची, पंप कधी बंद करायचा, ताट्या ओल्या आहेत की नाही हे हाताने कसं पाहायचं. त्याच्या पंपाचा गुळगुळ आवाज आणि ओल्या वाळ्याचा वास, हेच माझं नागपूर. आजही कोणाच्या घरी तो वास आला की मी दाराशीच थांबते, पण ते पुढे.

माईंना उजवा हात, उजवा पाय नव्हताच म्हणा, आणि वाचा पूर्ण गेली होती. डोळे मात्र असे की मी ताट ठेवलं की त्यांना कळायचं, भाजीत तेल जास्त झालंय. मला नंतर कळलं की या बाईंना एकेकाळी अर्धं नागपूर ओळखायचं. गल्लीगल्लीत केबल आली त्या दिवसांत एका केबलवाल्याने त्यांच्याच स्वयंपाकघरात कॅमेरा लावून त्यांचा रांधण्याचा कार्यक्रम काढला होता. माई कढईसमोर उभ्या राहून बोलायच्या, बायका टीव्हीसमोर वही घेऊन बसायच्या. त्याच्या पंधरा कॅसेटी अण्णाजींनी गोदरेजच्या कपाटात लुगड्यांखाली ठेवल्या होत्या. वाचेचे व्यायाम शिकवायला एक मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांना हे कळलं तेव्हा त्या खुर्चीवरून उठल्याच. "यांचाच आवाज आहे? मग दुसरं काही नको. रोज तोच ऐकवा, तोंडाकडे बघू द्या, सोबत बोलू द्या. पाठ असलेले शब्द कधीकधी असेच परत येतात. मात्र उशीर करू नका, पावसाळ्यापर्यंत जे आलं ते आलं."

तर सगळा खटाटोप यासाठी होता. परदेशातल्या मुलाने, राजूदादाने, पैसे पाठवले आणि कोणाच्या तरी ओळखीने नंदूभाऊ जुन्या स्कूटरवर मागे खोकं बांधून आले. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या खिशात पेचकस. मला पाहून म्हणाले, "तू कोकणातली म्हणे? मग मासे सोडून इथं पाटोड्या खायले आली का वं?" मी घाबरून दारामागे सरकले. तर स्वतःच म्हणाले, "घाबरू नको, माई पाटोड्या खाऊ घालून मासे विसरवतीन." माईंच्या ओठाचा डावा कोपरा हलला. त्या घरात येऊन मला दोन महिने झाले होते, आणि तो कोपरा मी पहिल्यांदा हललेला पाहिला.

त्यांनी माईंसाठी टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर बांधला. बसका काळा डबा, कमी आवाज करणारा पंखा, आत एक मोठी हार्ड डिस्क. सुरुवातीला दोन दिवस नुसती कटकट. चित्र यायचं तर आवाज यायचा नाही. आवाज आला तर चित्राच्या कडा टीव्हीबाहेर जायच्या आणि अण्णाजींनी लावून पाहिलेल्या सिनेमातल्या सगळ्या माणसांची कपाळं कापली जायची. अण्णाजी खुर्चीवर बसून, "अजून कपाळ नाही आलं, नंदू," असं सांगायचे आणि नंदूभाऊ टीव्हीमागे वाकून, "आणतो जी, कपाळ आणतो," म्हणायचे. मग त्यांनी कुठून तरी जुना व्हीसीआर आणला आणि कॅसेटी आत घ्यायला लागले. एक तासाची कॅसेट आत जायला एक तासच लागायचा, त्यात घाई चालायची नाही. पट्ट्यांना बुरशी धरलेली, मधेच गुंतायच्या. नंदूभाऊ बोटाने पट्टी सरळ करत आणि पुन्हा लावत. पंधरा दुपारी मी पलंगाच्या कडेला बसून, माईंचा हात हातात धरून, माईंना पाहिलं. पडद्यावरच्या माई जाडजूड, काळ्याभोर केसांच्या, मोठं कुंकू लावलेल्या आणि अखंड बोलणाऱ्या. "मीठ चवीपुरतं म्हणतात. कोणाच्या चवीपुरतं वं? माणूस पाहून मीठ टाकाचं. रागावलेल्या माणसाले थोडं कमी द्याचं, त्याच्या अंगात असतेच." मी हसायचे. पलंगावरच्या माई माझा हात दाबायच्या.

शेवटी नंदूभाऊंनी सगळ्या कार्यक्रमांची एक यादी पडद्यावर मांडली. प्रत्येकापुढे त्या पदार्थाचं चित्र, कारण माईंना अक्षरं नीट लागत नव्हती. रिमोटवरच्या एका बटणावर त्यांनी माईंच्याच पाकिटातली टिकली चिकटवली, म्हणजे डाव्या हाताच्या बोटाला ती लागेल. डबा त्यांनी कूलरपासून लांब, पलीकडच्या भिंतीशी मांडला. "हे इथंच राहू दे. मागून हवा जाऊ दे, गरम झाला तर तासभर बंद ठेव," एवढंच मला म्हणाले. का, ते मी विचारलं नाही. अण्णाजींना सांगितलं, "दुसरी एक डिस्क आणा, सगळ्याची अजून एक कॉपी करून ठेवू. आणि कॅसेटी टाकू नका." अण्णाजी हो हो म्हणाले. राजूदादा दिवाळीला येताना डिस्क आणणार होता.

रोज तो आवाज ऐकवायला लागलो त्याच्या नवव्या दिवशी माई एक शब्द बोलल्या. वडाभाताचा कार्यक्रम चालू होता. पडद्यावरच्या माई भातावर वडे कुस्करून वर हिंगाची फोडणी ओतत होत्या आणि त्यांचं ते वाक्य आलं. पलंगावरून जाड, घोगरा आवाज आला, "मीठ." मी उठलेच. अण्णाजी आंघोळीला गेले होते ते तसेच टॉवेल गुंडाळून धावत आले. "काय म्हटलं? पुन्हा म्हण ना वं. पुन्हा म्हण." "मीठ," माई म्हणाल्या. अण्णाजी पलंगाशी जमिनीवर बसले आणि ओल्या अंगाने रडायला लागले. मॅडमनी सांगितलं, एक आला म्हणजे दार किलकिलं झालं, आता रोज न चुकता, एक दिवसही खंड नको. मला तर रात्री झोप लागेना. आनंदाने नव्हे, धसक्याने. माझा स्वभावच तसा. चांगलं काही झालं की ते माझ्याच हातून फुटणार असं मला आधीच दिसायला लागतं.

त्याच दिवसांत आम्ही कुरड्या घातल्या, माईंचाच कार्यक्रम लावून. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा. पडद्यावरच्या माई सांगत होत्या आणि मी धावत स्वयंपाकघरात जाऊन करत होते. गच्चीवर धोतर पसरून त्यावर कुरड्या घातल्या तर साळुंक्या आणि खारी यायला लागल्या. अण्णाजी खुशीत होते. "त्या कॅसेटी आता काय कामाच्या? सगळे तेच बांधतात. काढ पट्ट्या," म्हणाले. इकडे उन्हाळ्यात वाळवणावर पाखरं येऊ नयेत म्हणून कॅसेटची चमकती पट्टी ताणून बांधतात. ती वाऱ्यावर फरफर वाजते. मला नंदूभाऊंचं बोलणं आठवलं होतं. पण अण्णाजींना 'नको' म्हणणारी मी कोण? मीच कॅसेटी फोडल्या, मीच पट्ट्या ओढून काढल्या आणि गच्चीच्या चारी कोपऱ्यांना बांधल्या. उन्हात काळं रेशीम चमकावं तशा त्या चमकत होत्या. आम्ही दोघं हसलो.

मग नवतपा लागला. नऊ दिवसांचं ते ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला मी काय सांगू? भांडी घासायला नळ सोडला तर पहिलं पाणी चटके देणारं. त्या दुपारी अण्णाजी आतल्या खोलीत झोपले होते. माई वडाभाताचा कार्यक्रम पाहत होत्या आणि 'मीठ'च्या मागोमाग 'भा' एवढं त्यांच्या ओठांवर येत होतं. पुढचं अक्षर अगदी दारात उभं. तेवढ्यात चित्र अडकलं. पुढे गेलं, पुन्हा अडकलं. डब्याचा पंखा घरघरत होता. मी हात लावला तर तवा. बंद करायला हवा होता, नंदूभाऊंनी सांगितलं होतं. पण मॅडम म्हणाल्या होत्या खंड नको, आणि 'भा' ओठावर होता. मी खोलीभर पाहिलं. या घरात उन्हाने कोणाचाही जीव घाबरला की एकच उपाय करायचे, त्याला कूलरसमोर बसवायचे. पाहुणा असो, दूधवाला असो. मी टाकी काठोकाठ भरली, पंप पूर्ण सोडला आणि चाकांवरून कूलर ओढून त्याचं तोंड थेट त्या डब्याकडे फिरवलं.

माईंनी डावा हात वर केला. "मीठ," त्या म्हणाल्या. "मीठ, मीठ, मीठ." एवढा एकच शब्द होता त्यांच्याकडे. मी म्हटलं, "हो माई, चालू होतो आत्ता, थंड होऊ द्या." आणि ऊन उतरायच्या आत कुरड्या उलटायला गच्चीवर गेले. माझ्या गावी ओल म्हणजे वैरी. पावसाळ्यात काडेपेटी पेटत नाही, आरसा काळा पडतो, कपड्यांवर बुरशी येते. ओल काय करते हे मला जन्मापासून माहीत होतं. इकडच्या चार-पाच उन्हाळ्यांत मी ते विसरले.

खाली आले तर जळकट वास. टीव्ही निळा, कोरा. डब्याच्या जाळीवर पाण्याचे बारीक थेंब मोत्यांसारखे बसले होते. कूलरच्या वाऱ्याबरोबर शिंतोडे उडतात, ते सगळे आत गेलेले. मी काय केलं ते लिहिते. मी आधी माईंकडे पाहिलं नाही. आधी ओढणीने डबा पुसला. मग कूलर परत खिडकीशी नेला. मग अण्णाजींना हाक मारली. माई सगळं पाहत होत्या. त्या घरात खरं माहीत असलेलं एकच माणूस होतं आणि नेमकी त्यालाच वाचा नव्हती.

नंदूभाऊ त्याच दुपारी उन्हातून आले, डोक्याला दुपट्टा बांधून. त्यांनी डब्याचं झाकण काढलं. आत पाणी होतंच, आणि कूलरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डागही. मग त्यांनी फरशीकडे पाहिलं. खिडकीपासून भिंतीपर्यंत कूलरच्या चाकांची ओली रेघ अजून वाळली नव्हती. मग माझ्याकडे पाहिलं. मी ओढणीचा ओला कोपरा मुठीत लपवला. अण्णाजी चष्मा शोधत आतून येत होते. नंदूभाऊंनी खिशातला रुमाल काढला, डब्याच्या आतलं पाणी टिपलं, वाकून फरशीवरची रेघ पुसली आणि रुमाल परत खिशात ठेवला.

"काय झालं, नंदू?"

"एसएमपीएस गेला, अण्णाजी. आतल्या सगळ्यांना वीज वाटते ना, तो डबा. हलका लावला मी. जाता जाता डिस्कले घेऊन गेला. माही चूक आहे."

"हलका काहून लावला? मी पैसे कमी दिले का तुले?"

"नाही जी."

"मग? माही बायको बोलून राहिली होती! एक शब्द बोलली होती, एक! तुले समजते का, तू काय केलं ते?"

नंदूभाऊ मान खाली घालून उभे होते. अण्णाजी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. ते वाईट माणूस नव्हते. माझ्या तापात त्यांनी माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्यात. पण त्या दिवशी बोलले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत बोलले. त्या कॉलनीत तीन घरांनी नंदूभाऊंना असेच डबे बांधायला सांगितले होते. तिघांनी नको म्हणून कळवलं. मी चहा देत होते, ऐकत होते. माझ्या तोंडात जीभ होती.

डिस्क नंदूभाऊंनी स्वतःच्या खर्चाने बाहेरगावी मोठ्या ठिकाणी पाठवली. आठ-दहा दिवसांनी परत आली, तशीच. मी गच्चीवरच्या पट्ट्या सोडल्या, पिशवीत भरल्या आणि दूध आणायला जाते सांगून बसने महालात गेले. त्यांनी एक तुकडा लावून पाहिला. नुसती खरखर. नवतप्याच्या उन्हाने आणि वाऱ्याने पट्टीवरचं सगळं झडून गेलं होतं. बोटांना काळी भुकटी लागत होती. मी स्टुलावर बसून रडायला लागले. "मी सांगते अण्णाजींना. आजच सांगते."

"मंग काय होईन?" ते म्हणाले. "आवाज परत येते का? नाही. तुह्या मामाकडं जागा आहे का? नाही. माईजवळ दुसरी कोणी बसन का तुह्यासारखी? मले चार गिऱ्हाईक कमी होतीन, दुसरे येतीन. तुले कुठं जायचं आहे, सांग."

"पण तुमची काहीच चूक नव्हती."

"कूलरचं सांगाले पाहिजे होतं मी. मले वाटलं, समजते कोणालेही." मग टेबलाखालून त्यांनी तोच एसएमपीएस काढला. "तुह्या केसातला आकडा दे." मी दिला. त्यांनी आकडा वाकवून त्याच्या हिरव्या आणि काळ्या वायरींच्या तोंडात अडकवला, बटण दाबलं. डब्याचा पंखा फिरायला लागला. गुपचूप, एकसारखा, काही झालंच नाही असा. गिरणीचं पीठ त्या वाऱ्याने टेबलावरून उडालं. "पाह्य. वाळवला तर चालते. हलका नव्हता लावला मी," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चिरका झाला. "कोणाले तरी माहीत असावं, म्हणून दाखवलं."

घरी येऊन मी शेवटचा प्रयत्न केला. पंधराही कार्यक्रम माझे पाठ झाले होते. मी माईंच्या समोर बसून, त्यांच्याच हेलात, "कोणाच्या चवीपुरतं वं?" म्हणायला लागले. माईंनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. रोज बोलून पाहिलं. रोज भिंत. पावसाळा लागला तोवर 'मीठ' बंद झालं होतं. मॅडमचं येणं कमी झालं, मग थांबलं. कुरड्या डब्यात भरलेल्या होत्या, त्या कोणी तळल्याच नाहीत. थंडीत माई गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला कुठे तरी उभं राहायला जागा मिळाली असती.

इतक्या वर्षांनी मी अजून आजारी माणसांच्या उशाशीच बसते. केस पिकले, गाव लांबच राहिलं, आई गेली तेव्हाही मला वेळेवर पोचता आलं नाही. महालातलं दुकान बंद झालं. बेसाचं काम गेल्यावर ते हळूहळू बसलंच, हे मला ठाऊक आहे, नंदूभाऊ कितीही नाही म्हणोत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. दिवाळीला मी कुरड्या घेऊन जाते तर चाचपून म्हणतात, "मीठ बरोबर आहे का वं?" अण्णाजी नव्वदीपुढे गेलेत, त्याच घरात आहेत, कानाने कमी झालेत. त्यांच्या फाटकापर्यंत मी तीनदा गेले. तीनदा कडीला हात लावून परत आले.

नंदूभाऊ, तो एसएमपीएस तुम्ही दुकान आवरताना मला दिलात, तो माझ्या पेटीत लुगड्यात गुंडाळून आहे. दर नवतप्याला काढून पुसते. एक दिवस मी तुमचा हात धरून तुम्हाला बेसाला घेऊन जाईन. अण्णाजींना ऐकू आलं नाही तर डोळ्यांनी दिसेल असं करीन. त्यांच्यासमोर तो डबा ठेवीन, माझ्या केसातला आकडा काढीन, वाकवीन, अडकवीन, आणि पंखा फिरू देईन. मग सांगेन, कूलर कोणी फिरवला ते. ते असेपर्यंत, तुम्ही असेपर्यंत. हे मी तुम्हाला लिहून देते.